लहानूच्या गच्चीवरचा पाळणा

नंदनवन वस्तीतला लहानू रामटेके गच्चीवर मोहाची दारू गाळतो, अशी कुजबुज यंदा उन्हाळ्यात आमच्या गल्लीत सुरू झाली आणि दोन दिवसांत पानठेल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत पोचली. पुरावे भक्कम होते. भर दुपारी गच्चीवर कुकरच्या शिट्ट्या. पारशिवनीहून मेव्हण्यानं आणलेलं सुक्या मोहफुलांचं पोतं. जुन्या लुगड्याच्या आडोशामागे बरण्या. आणि वास! मोहाचा वास आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नाक आपोआप वळतं.

आता हा लहानू कोण? धरमपेठेतल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा परिचर. काचेच्या नळ्या धुवायच्या, बरण्या उकळायच्या. सत्तावीस वर्षं हेच. घरातही इतका नेटका, की त्याची बायको माया म्हणते, "ह्याच्यासमोर उष्टी वाटी ठेवाची सोय नाही. चिठ्ठी लावून तारीख लिहीन हा माणूस."

पण त्याचा खरा मान विहारात. बावीस वर्षं वंदना तोच घेतो. पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, नशेपासून दूर राहण्याच्या वचनाला आला, की त्याचा आवाज जरा चढतो. बाप दारूपायी गेला, तेव्हा लहानू दहावीत होता. गल्लीत सगळ्यांना हे ठाऊक. म्हणून तर कुजबुजीला चव आली. माणसं वाईट असतात हो.

विहाराच्या समितीचा अध्यक्ष गोविंदा गजभिये एका सकाळी लहानूच्या दारात उभा राहिला.

"लहानू, खरं सांग गा. वर काय करून राहिला तू?"

"दारू नाही."

"मंग काय हाये?"

लहानूनं दारातल्या चपला एका रेषेत लावल्या.

"काहून बोलत नाही? बुद्धपौर्णिमा आठ दिवसांवर आली. लोकं म्हणते, पिणाऱ्याच्या तोंडून शील कसं घ्याचं? यंदा वंदना समितीतला प्रीतम घेईन."

"बरं," लहानू म्हणाला, आणि आत जाऊन धुतलेलाच पेला पुन्हा धुवायला लागला.

बोलला का नाही? कारण शब्द दिला होता. अदिती नावाची एक पोरगी त्याच्या कॉलेजात संशोधन करते. तळ्याच्या पाण्याला हिरवी झाक येते ना, तेच बारीक शेवाळ ती वाढवते. त्या शेवाळात तेल असतं, त्याचं गाडीत घालायचं इंधन होतं. अडचण एवढीच, की ते पाण्यातून काढायचं कसं? कापडातून निसटतं. यंत्रानं गरगर फिरवून काढावं, तर तेलातून मिळायची तेवढी ऊर्जा विजेतच जाते. त्यावर तिनं बुरशी धरली. ही बुरशी हलत्या पाण्यात वाढवली, की तिचे साबुदाण्यासारखे गोळे होतात आणि शेवाळ त्यांना चिकटतं. पण हलणं थांबता कामा नये. थांबलं, की गोळ्यांऐवजी वर नुसती साय धरते.

आणि उन्हाळी सुट्टीत कॉलेजचा चौकीदार पाच वाजता मेन स्विच पाडतो! दोनदा साय धरली. पोरगी स्टुलावर बसून रडली. लहानू म्हणाला, "बेटा, माह्या घरची लाइन कोणी बंद करत नाही." बुरशीची कुपी आणि शेवाळाची बाटली जेवणाच्या डब्यातून नंदनवनात आल्या. बिनापरवानगी.

"लहानूकाका, सरांना कळलं तर माझं सगळं काम जाईल. कुणाला सांगू नका हं," अदिती म्हणाली होती.

घरी लहानूनं नातीचा जुना पाळणा काढला, त्यात बरण्या बसवल्या आणि टेबल फॅनच्या फिरत्या मानेला दोरी बांधून पाळणा जोडला. मान फिरे, पाळणा हले. बुरशीला साखर लागते. ती मोहफुलांच्या काढ्यातून. काढा कुकरमध्ये उकळून घ्यायचा, म्हणजे दुसरं काही त्यात उगवत नाही.

लहानू चार दिवस मान खाली घालून जेवला. पाचव्या दिवशी मायाचा संयम सुटला. पिठाच्या गिरणीवर गोविंदा दिसला, तशी ती दळण तिथंच टाकून म्हणाली, "गोविंदाभाऊ, चाला वर. नाकानं न्याय केला, आता डोळ्यानं करा. शब्द यानं देल्ला हाये, मी नाही!"

जिना चढता चढता तिनं अदितीची सगळी हकीकत सांगितली. मीही मागोमाग चढलो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

लहानूनं बायकोकडे रागानं पाहिलं, मग आमच्याकडे, आणि मुकाट्यानं बरणीतले पांढरे गोळे गाळून हिरव्यागार पाण्याच्या बरणीत सोडले. पाळणा चालू केला. तीन तास लागले. तेवढ्यात गोविंदानं खाली कूलरसमोर दोन चहा आणि एक डुलकी उरकली. वर आलो, तर गोळे हिरवे आणि पाणी नितळ. मायानं चहाच्या गाळणीनं ते गोळे उचलले. गोविंदानं नितळ पाण्याची बरणी उचलून तिच्यातून आरपार गच्चीवरची टाकी पाहिली, मग लहानूचा चेहरा.

"येवढं सांगाले काय झालं होतं तुले?"

"पोरीचं नुकसान झालं असतं."

गोविंदानं बरणी जपून पाळण्यात परत ठेवली. मग म्हणाला, "वंदना तूच घे गा. आन् पोरीचं नाव माह्या तोंडून निंगणार नाही."

नाव लपवायची गरजच पडली नाही. लहानूवर काय बेतलं ते कळल्यावर अदितीनं स्वतःच सरांना सांगितलं. सर आधी ओरडले, मग त्यांनी पाळणा बघायला मागितला. तो आता प्रयोगशाळेत असतो, रीतसर चिठ्ठीसह. चौकीदाराला स्विच न पाडण्याचा हुकूम आहे.

बुद्धपौर्णिमेला मी खिरीच्या निमित्तानं विहाराच्या मागच्या रांगेत बसलो. पाचव्या शीलापाशी आल्यावर लहानूनं सरळ माझ्याकडे पाहिलं आणि ते शील नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हटलं. नंतर खिरीची वाटी त्यानंच आणून दिली.

"घ्या काकाजी. दुधाचीच हाये. पाहिजे तं वास घेऊन पाहा."

लहानूच्या गच्चीवर दारू नव्हती. मोहाच्या पाण्यावर बुरशी वाढत होती. अफवा मी उठवली होती.