पाच दिवसांच्या गोळ्या

माझा भाऊ बैलगाडीची चाकं करायचा. पनवेलात त्या काळी हा धंदा करणारे बरेच होते, पण उरणच्या बाजूचे मिठागरवाले शोधत यायचे ते त्याच्याकडे. वडील गेले तेव्हा मी सहावीत होतो. तो माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. त्याने मला एकाही हत्याराला हात लावू दिला नाही. "तू शाळेत जा," एवढंच म्हणाला. मी मॅट्रिक झालो आणि बाजारपेठेतल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून लागलो. पहिल्या दिवशी पांढरा कोट घालून निघालो, तर हा रस्त्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला उगाच हाका मारत होता. त्यांनी माझ्याकडे बघावं म्हणून.

संयुक्त महाराष्ट्र होऊन एखादं वर्ष झालं असेल. दिवाळी उलटली होती. लोखंडी पट्ट्याची धाव चढवलेलं एक चाक भिंतीला टेकवताना खालची वीट सरकली आणि सगळं वजन दादाच्या छातीवर आलं. दोघांनी धरून त्याला दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी बोटांनी चाचपून पाहिलं. दोन बरगड्यांना तडा गेला होता. त्यांनी छाती चिकटपट्टीने आवळून बांधली आणि पंधरा गोळ्या द्यायला सांगितल्या.

गोळ्या माझ्या हातात होत्या, तरी डॉक्टर खुर्ची ओढून दादासमोर बसले. "नीट ऐक," ते म्हणाले. "या एका गोळीत दोन औषधं आहेत. एक ॲस्पिरिन. दुसरं कोडीन, ते अफूच्या जातीचं. दिवसाला तीन, जेवल्यावर, पाच दिवस. गुंगी येईल, तेव्हा हत्यार धरायचं नाही. पोट साफ होणार नाही, पाणी भरपूर पी. दारूला शिवायचं नाही. आणि दुकानातली डोकेदुखीची पूड यावर घ्यायची नाही. त्या पुडीतही ॲस्पिरिनच असतं, ते दुप्पट होईल, पोट फाडील."

"आन् पाच दिवसांनी दुखलं तर?" दादाने विचारलं.

"दुखेलच. बरगडी महिन्या-दीड महिन्याने सांधते. पण पहिला जोर ओसरला की मग ते विश्रांतीने सोसायचं. गोळी हाड जोडत नाही, तुला ते दुखतंय हे विसरायला लावते. जास्त दिवस घेतलीस तर शरीर तीच मागत बसतं."

हे सगळं मी शेजारी उभा राहून ऐकलं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. हेच शब्द मी स्वतः कितीतरी पेशंटना खिडकीतून सांगत असे.

पाच दिवस दादा घरी पडून राहिला. सहाव्या दिवशी मी जेवायला गेलो तर तो त्याच्या चाकांच्या कारखान्यात होता. मिठागरवाल्यांना हंगामाआधी आठ चाकं हवी होती आणि तो शब्द देऊन बसला होता. रंधा मारताना त्याचा चेहरा पांढरा पडत होता. मला बघून हात थांबवला.

"थोड्या गोल्या दे ना अजून. एवढी आठ चाकं होऊं दे."

"डॉक्टरांना विचारतो."

"त्यानला कशाला? ते पडून राव्हा म्हनतील. मिठागरवाला थांबनार हाय का? दुसऱ्याकडं जाईल. ट्रका आल्या, आता गाड्या घेतंय कोन? येतंय त्यालाबी नाय म्हनू?"

आयुष्यात त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी दुपारी दवाखान्यात गेलो, कपाटातली बाटली काढली आणि दहा गोळ्या कागदात बांधल्या. डॉक्टर आत पेशंट तपासत होते. बाटली माझ्याच ताब्यात असायची. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

आठ चाकं झाली. गोळ्या थांबल्या नाहीत. आणखी दहा, मग वीस. दर वेळी मी म्हणायचो ही शेवटची, आणि तो मान हलवायचा. वहिनीला वाटायचं, डॉक्टरच देतायत. माझ्या हातून येतात म्हणजे डॉक्टरांकडूनच येत असणार, तिचा हिशोब साधा होता. मीही तो मोडला नाही.

फाल्गुनात एकदा मी घट्ट राहून चार दिवस गोळ्या दिल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्याचं नाक गळायला लागलं, जांभयांवर जांभया, हातापायांत कळा, पोटात मुरडा. "बघ, बरगडी सांधलीच नाय अजून," तो म्हणाला. "सगला आंग दुखतंय." ते दुखणं बरगडीचं नव्हतं, गोळी बंद झाल्याचं होतं. मला ते कळत होतं. तेव्हाच डॉक्टरांसमोर जाऊन उभा राहिलो असतो तर त्यांनी गोळ्या हळूहळू कमी करत आणल्या असत्या. पण मग आधीच्या गोळ्यांचं सांगावं लागलं असतं. पांढरा कोट उतरवावा लागला असता. मी पाचव्या दिवशी पुन्हा कागद बांधला.

एव्हाना दिवसाला तीनच्या आठ गोळ्या झाल्या होत्या. दादा बदलला होता, पण तो बदल कुणाला वाईट वाटण्यासारखा नव्हता. ओरडत नसे, चिडत नसे. दुपारी लाकडाच्या ढिगाला पाठ लावून डोळे मिटून बसे. आऱ्यांची भोकं तिरकी जाऊ लागली. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दादाने केलेलं चाक हाताने फिरवून पाहिलं आणि तसंच ठेवून निघून गेला. दादा त्याच्या पाठीकडे बघत राहिला. तो उठून भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी घाबरलो आणि गोळ्या कमी द्यायला लागलो. डॉक्टरांना न सांगता, माझ्याच अकलेने. त्याचा परिणाम कुठवर जाईल हे मला माहीत नव्हतं. दादा घरी तळमळायचा आणि वहिनीला ते बघवेना. ती विचुंब्याच्या शेतकऱ्याची मुलगी, शाळेत न गेलेली, नवऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर घेणारी. तिने वाण्याकडून डोकेदुखीच्या पुड्या आणल्या आणि त्याला चहाबरोबर देऊ लागली. दिवसाला चार-चार. पुडीचं ते डॉक्टर बोलले तेव्हा ती तिथे नव्हती. घरी तिला कुणी सांगितलं नाही. दादा विसरला होता आणि मी कधी तोंड उघडलं नाही.

वैशाखात एका दुपारी वहिनी स्वतः दवाखान्यात आली. पायात चप्पल नव्हती.

"भावजी, चला. त्यांनी काळा ओकलाय. चायचा गाळ असतो ना, तसा."

डॉक्टर तिच्यामागोमाग निघाले. दादा ओसरीवर आडवा होता. ओठ पांढरे, कपाळ गार. डॉक्टरांनी नाडी धरली आणि विचारलं, "शौचाला काळं होतं का?"

"पंधरा रोज," दादा म्हणाला. "मला वाटला, खान्यातला काय असल."

"काय घेत होतास?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. शेवटपर्यंत त्याने माझं नाव घेतलं नाही.

वहिनी आतून पुड्यांची पेटी घेऊन आली. "या देत व्हते मी. गोल्यांनी थांबत नव्हता म्हनून." डॉक्टरांनी पेटी हातात घेतली आणि डोळे मिटले. "गोळ्यांवर या?" ते म्हणाले. "बाई, बाई." इतकंच. रागाने नाही. पण वहिनी तिथेच खांबाला टेकून खाली बसली.

टॅक्सी करून आम्ही मुंब्र्याच्या रस्त्याने ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. दादाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिथे दोन बाटल्या रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी त्याला जरा हुशारी आली, त्याने कारखान्यात ओलं लाकूड पडलंय ते सावलीत ठेवायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रक्त आलं, आणि दहाच्या सुमारास तो गेला. एकोणचाळीस वर्षांचा होता.

तेराव्यानंतर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. किती गोळ्या, केव्हापासून. मला वाटलं, हाकलून देतील. मला तेच हवं होतं.

"मला संशय आला होता," ते म्हणाले. "बाटली लवकर संपत होती. मी विचारलं नाही. विचारावं लागेल असा मुलगा तू नव्हतास." मग म्हणाले, "वहिनीला सांगितलंस?"

"नाही."

"सांग. ती पुडीपायी झालं असं समजून बसली आहे. पुडीनेही झालं, पण एकट्या पुडीने नाही. ते ओझं एकटीने वाहायचं नाही तिने."

मी त्याच संध्याकाळी सांगायला निघालो. वहिनी चुलीपुढे बसली होती. मला बघून म्हणाली, "तुमी एवढं केलं त्यांच्यासाटी, भावजी. दर आठवड्याला औषध आनून दिला. आन् मी एका पुडीनं घालवला." माझ्या घशात शब्द आले होते, खोटं नाही सांगत. पण त्या क्षणी घरात तिला आणि तिच्या लहान पोरांना धरायला मी एकटाच होतो. मी जर तो नसेन तर तिच्याकडे काय उरतं, असं मी मनाला सांगितलं. ते कारण खरं होतं की मला सोयीचं होतं, हे आजही मला ठरवता आलेलं नाही. मी म्हणालो, "वहिनी, तुमचा दोष नाही." ती हसल्यासारखं करून भाकरी थापत राहिली. दोष कुणाचा, ते मी बोललो नाही.

नंतर रोज वाटायचं, उद्या. मग महिने गेले. कारखान्याची जागा गेली, तिथे ट्रकच्या टायरांचं दुकान झालं. डॉक्टर वारले. त्यानंतर ते सत्य जाणणारा मी एकटाच उरलो, आणि विचारणारं कुणी राहिलं नाही.

वहिनी त्यानंतर बत्तीस वर्षं जगली. त्या सगळ्या काळात तिने कुणालाही आपल्या हाताने औषध दिलं नाही. नातवंडं तापाने फणफणली तरी ओल्या फडक्याच्या घड्या बदलत बसायची. डॉक्टरने लिहून दिलेली गोळी समोर असायची, पण हात लावायची नाही. मला बोलावणं पाठवायची. मी जायचो, चिठ्ठी वाचायचो, गोळी मोडून पोराच्या तोंडात घालायचो. ती पदर तोंडाशी धरून बघत राहायची आणि पोराने गोळी गिळली की म्हणायची, "तुमच्या हातनं बरा असतंय, भावजी. माजा हात नको."