चंद्राबाईची आंघोळ

वेल्ह्याच्या बाजारात सावळाराम वायरमनची ओळख किरकिऱ्या माणूस अशीच. तीस वर्षांत गावोगावी उजेड केला, पण वायर जुनी दिसली की स्वारी अडून बसायची. परक्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं सोपं. थोरली बहीण चंद्राबाई पुढ्यात आली, तिथं मात्र त्याचं काही चालेना.

खांदा निखळल्यापासून तिला गरम पाण्याची बादली उचलवत नव्हती. म्हणून तिचा मुलगा स्वरूप विजेवर पाणी तापवणारा शॉवर घेऊन आला. सावळारामने घर तपासलं. बापाच्या काळातली वायर, ओल धरलेल्या भिंती. अर्थिंगसाठी मीठ-कोळशाचा खड्डा खणायला घेतला, तर दोन फुटांवर कातळ लागला, अर्थिंग काही होईना. करंट गळला की आपोआप पडणारा स्विच बसवला, तर तो तासातासाला पडून घरभर अंधार.

"स्विच बराबर हाय. घरच गळतंय. आदी सगळी वायर बदल," तो भाच्याला म्हणाला.

"दिवाळीनंतर बगू, मामा," म्हणत स्वरूपने कापूरहोळहून दुसरा कारागीर आणला. त्याने तो स्विचच काढून टाकला आणि दहा मिनिटांत शॉवर चालू करून दिला.

सावळारामने दोनदा येऊन शॉवरची वायर सोडवली. दुसऱ्यांदा चंद्राबाई रडली. "खांद्यावर ऊन पानी पडलं की लई बरं वाटतं रं. तेवढं बी बगवत न्हाई व्हय तुला?" तिसऱ्यांदा वायरला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही.

"मग रबरी चपला तरी घाल, आक्का."

"चपला घालून आंगूळ? आन् मग देवाला पानी कसं घालू?"

आता रोज सकाळी तो चहालाही न थांबता मेन स्विचपाशी उभा राहतो. आत ती मोठ्यानं मेंगाई देवीचं नाव घेत न्हाते, तशी त्याची अटच आहे. ती श्वासाला थांबली तरी याचा हात खटक्याकडे जातो. करंट माणसाला हाक मारायलाही वेळ देत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

काल आवाज थांबला. त्याने खाडकन खटका पाडला.

"सावळ्या, त्वांडाला साबन लावला व्हता रं! पानी गार पडलं, चालू कर की!"

त्याने भिंतीला डोकं टेकलं. डोळे पुसले. मग आपल्याच हाताने खटका पुन्हा वर केला.