दत्ताकाकांची हजेरी

मागे एका रविवारी सकाळीच घोडपदेवला गेलो होतो, दत्ताकाकांच्या चाळीत. निमित्त एका वॉकीटॉकीचं... म्हणजे हॅम रेडिओच्या हँडसेटचं. त्याला वॉकीटॉकी म्हटलं की काका चिडतात, पण तुम्हाला कळावं म्हणून हा अपराध करतोय.

काका मूळचे मिलच्या साचेखात्यातले, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवरचे. संपात नोकरी गेली तसे रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकले आणि त्या नादात हॅमचं, म्हणजे हौसेने बिनतारी बोलण्याचं, लायसन काढलं. माझ्यासारख्या गिरगावातल्या संस्कृतच्या मास्तराला पन्नाशीत या व्यसनाला लावलं तेही त्यांनीच.

माझा पहिला सेट मी मोठ्या विद्वत्तेने स्वतः प्रोग्राम केला. आमचा आवाज उचलून मुंबईभर पोचवणारं जे रिपीटर मशीन असतं, त्याला जागं करणारा टोनच घालायला विसरलो. आठवडाभर बोलत होतो आणि कोणालाही ऐकू जात नव्हतं... "वर्गात पण असंच होतं काय हो मास्तर तुमचं?" काकांनी विचारलं होतं.

तो खणखणीत आवाज आता नाही. मागच्या वर्षी काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं.

दर रविवारी सकाळी आमची रिपीटरवर हजेरी असते. दादरचे नाडकर्णीसाहेब एकेकाचं नाव पुकारतात. जन्म जहाजावर बिनतारी संदेश पाठवण्याच्या नोकरीत गेलेला, शिस्त अशी की एअरवर कोणी हसलं तरी त्यांना प्रदूषण वाटतं. ऑपरेशननंतर त्यांनी काकांचं नाव पुकारणं थांबवलं. हेतू चांगलाच होता... पण काका सेट कानाशी धरून बसलेले असायचे.

एक दिवस त्यांनी तो सेट टॉवेलात गुंडाळला, वैशालीच्या हातात ठेवला आणि पाटीवर लिहिलं, "तू वापर."

वैशाली त्याच चाळीतली, आता टेलिफोन खात्यात इंजिनिअर. लहानपणी सोल्डरिंग शिकली ती काकांच्या टेबलावर. तिने सेट निमूटपणे घेतला. वापरायला नव्हे... उघडायला!

तिचं म्हणणं सरळ होतं. काकांनी परीक्षा दिली तेव्हा मोर्स, म्हणजे तारेची ती ठिपके-रेघांची भाषा, सक्तीचं होतं. आवाज गेला तर गेला, बोटं शाबूत आहेत ना?

आवाज झाला की सेट आपोआप बोलू लागतो, अशी एक सोय मेनूत असते. तिने ती चालू केली आणि माईकसमोर बझर ठेवला. पण सेटला जाग यायला क्षणभर लागतो, तेवढ्यात प्रत्येक वेळी पहिला ठिपका गिळला जायचा. मोर्स म्हणजे लघु-गुरूचाच खेळ, आद्य लघूच खाल्ला तर वृत्ताचं काय उरणार... हे मी तिला फार रंगून समजावलं.

"सर, टॉर्च नीट धरा," ती म्हणाली.

मग तिने सेटला जोडायचा एक जुना हातातला माईक उघडला, आतली माईकची डबी काढून तिथे छोटंसं टोनचं सर्किट बसवलं. डाव्या हाताने बटण दाबून धरायचं, उजव्याने किल्ली वाजवायची. किल्ली करवतीच्या पात्याची केली. ती सरकू नये म्हणून खाली काहीतरी जड हवं होतं, तेव्हा काकांनी माळ्यावरून एक धोटा काढला. साच्यावर आडवं सूत नेणारा, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड असलेला... मिलमधून आणलेली ती एकच वस्तू.

"काका, याला भोक पाडू?" वैशालीचा हात अडखळला. काकांनी तिच्या हातातून ड्रिल घेतलं आणि स्वतःच पाडलं.

काकू दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "आता भांडूक पण मजा नाय ओ मास्तर. एकटीनच किती बोलायचा?"

तर तो रविवार. एका खोलीत दोन सेट बोलले की कर्कश्श आवाज येतो, म्हणून वैशालीने मला गॅलरीत पिटाळलं. मी तिथून हजेरी दिली. सगळी नावं संपली. "आणखी कोणी?" नाडकर्णीसाहेबांनी विचारलं.

काकांनी बटण दाबलं. माझ्या सेटमधून सूर आला... स्वच्छ, संथ, एकही लघू न गिळलेला.



आणि एक तरुण आवाज, "सर, काहीतरी इंटरफेरन्स येतोय."

वैशालीने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आमच्या परीक्षेत मोर्स नव्हतं... हजेरीतल्या बहुतेकांच्या परीक्षेत नव्हतं! एकेक वायर तपासली होती, पण हे ऐकून समजणार कोणाला, हा प्रश्न दोघांनाही पडला नव्हता. काकांचं बोट किल्लीवरून उठलं. त्यांनी सेट बंद करायला हात पुढे केला.

तेवढ्यात सेटमधून शिट्टी आली.

तोंडाने वाजवलेली. एक आखूड, एक लांब... मध्येच ओठ कोरडे पडून तुटणारी, पुन्हा सुरू होणारी. नाडकर्णीसाहेब! ज्यांना कोणी हसतानाही ऐकलं नव्हतं, ते अख्ख्या मुंबईच्या एअरवर शिट्ट्या मारत होते.

काकांचे खांदे गदगदा हलायला लागले. हसत होते की काय, ते मी नीट पाहिलं नाही, माझेच डोळे कामात होते. पुन्हा किल्ली, पुन्हा शिट्टी... दोन म्हाताऱ्यांच्या गप्पा चालल्या होत्या आणि सगळी मुंबई गप्प होती.

शेवटी साहेबांचा नेहमीचा, इस्त्रीचा आवाज आला. "सर्वांनी नोंद घ्यावी. हा इंटरफेरन्स नाही, हा दत्ताराम आहे. त्याचा निरोप असा, की गिरगावच्या मास्तरांनी माईक तोंडात घालून बोलू नये."

"बघितलात मास्तरांनू?" काकू आतून ओरडल्या. "वाचा इली नाय तेवढ्यात खेकासले!"

वैशाली आणि मी आता काकांकडे मोर्स शिकतोय. लघु-गुरूंशी माझी जुनी ओळख आहे, तरी काका पास करत नाहीत. वैशालीने त्या सेटला जे जोडलं, त्याला कुठल्या मेनूत नाव नाही... हजेरीत काकांचं नाव आता पहिलं पुकारतात.

आणि माईक मी वीतभर लांब धरतो.