टाक्याचा शब्द

पाणी रोज यावं म्हणून आमच्या गल्लीच्या गटानं काढलेल्या पत्रकात मी 'टँक' लिहिलं, तर गटातले निवृत्त गुरुजी भडकले. "अरे, मराठी शब्द मेला का? इंग्रजीची हमाली बंद कर."

मला तिडीक आली. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन मी जाडजूड कोश उघडला. हा शब्द इंग्रजीत बहुधा आपल्याच बाजूनं गेलेला. गुजरातीतली टांकी, मराठीतलं टाकं. लेण्यांत खडक खोदून पाणी साठवायचे, तेच टाकं. मी पानाचा फोटो काढला. गुरुजींचं तोंड बंद करायचं, एवढंच डोक्यात होतं.

गारखेड्यात आमच्या गल्लीला आठवड्यातून एकदा तासभर पाणी येतं. एवढीच आमची लायकी कुणीतरी ठरवून टाकलीय. पाण्याचा तो दिवस नेमका हाच, मी ग्रंथालयात घालवला तो. आई चिकलठाण्याला एका कंपनीत पॅकिंग करते. पाण्यापायी तिचे खाडे फार झाले होते, म्हणून या वेळी मी भरतो असं मीच कबूल केलं होतं.

संध्याकाळी तिनं टाकीचं झाकण उचललं. "कुठं होतास?"

मी खरं सांगितलं, शब्दाचंही. "उद्या टँकर बोलावतो. मी थांबतो घरी."

"राहू दे. तुझा भरवसा नाय."

तिनं सुपरवायझरला फोन लावला. "साहेब, उद्या येणं व्हत नाय. पाणी नाय घरात."

पलीकडून तो म्हणाला, "परवाही येऊ नका."

गुरुजींना तो फोटो मी अजून दाखवलेला नाही.