तांब्याची तार

विघ्नहर्त्या गजाननाला आणि वाणीची देवता शारदेला वंदन करून, आज माझ्या धर्मपत्नीच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, पितरांचे पान ठेवून झाल्यावर हे लिहावयास बसलो आहे. हे आजवर मी कोणालाही सांगितलेले नाही — देवालाही नाही. त्याच्यापुढे रोज बसलो. पण एवढे सोडून बाकी सगळे बोललो.

कोठून आरंभ करू? तिच्या कानांपासूनच करतो.

उमा वैदिकाची कन्या. मुलींना कोणी शिकवीत नसे; ती दाराआड बसून ऐके, आणि ऐकलेले तिच्यात टिकून राही. मी आसेगावात शिष्यांना संथा देई, सायंकाळी त्यांच्यासह स्तोत्र म्हणे. त्या स्तोत्रात दोन श्लोकांचा आरंभ हुबेहूब सारखा आहे. पाठ म्हणणाऱ्यांना ठाऊक असते — अशाच ठिकाणी जीभ घसरते. पहिला म्हणता म्हणता मी दुसऱ्याच्या वाटेला लागे, आणि मधले तीन श्लोक गळून पडत. मग स्वयंपाकघरातून पळीचा भगुण्यावर टोला पडे. एकच, हलका. मी मागे फिरे. हे आम्ही दोघांनी कधी बोलून ठरविले नव्हते.

पुढे विषमज्वरात तिचे ऐकणे जवळजवळ गेले. टोला थांबला. मला काय वाटले? दुःख वाटले, हे खरे. आणि — येथे हात अडतो — सुटल्यासारखेही वाटले.

सत्तरचे दशक सरत आले होते. तिचा धाकटा भाऊ वसंता अकोल्यात रेडिओ दुरुस्त करी. तो एकदा ऐकण्याचे यंत्र घेऊन आला. खिशात मावेल अशी डबी, तिच्यातून कानापर्यंत जाणारी वायर, आणि वायरीच्या टोकाला कानात बसवायची गुंडी. डबीला पेन्सिल सेल लागे. पण तो लवकर संपे, आणि गावच्या दुकानात मिळे तो पुष्कळदा आधीच पाझरलेला. म्हणून वसंताने मोटरसायकलची सहा व्होल्टची बॅटरी लाकडी पेटीत बसविली. ती भरून आणायला शेलूबाजारला मीच नेत असे. बॅटरी आणि यंत्र यांच्यामध्ये त्याने एक काळा तुकडा जोडला होता — शेंगदाण्याएवढा, तीन बारीक पायांचा. बॅटरीचा जोर उतरवून यंत्राला सोसेल तेवढाच पुढे सोडायचा, एवढेच त्याचे काम.

"भाऊजी, याले हात नका लावू बरं," वसंता म्हणाला. "याले वगळून करंट सरळ गेला, तं मशीन जळनच. पन त्याच्या आधी ताईच्या कानात असा आवाज होईन का उरलंसुरलंबी जाईन." मग त्याने कळ दाबली आणि बहिणीला विचारले, "काहो ताई, आता भाऊजीले हळू बोला लागन, नाही?"

"ते कायले हळू बोलतीन?" ती म्हणाली. "त्यांले गावाले ऐकवाची सवय हाय."

दोघे हसले. मीही हसलो. त्या सायंकाळी माझी जीभ घसरली, आणि टोला पडला.

थोड्याच दिवसांनी केनवडचे एक यजमान आले. नव्या देवळातील प्राणप्रतिष्ठेसाठी त्यांना आचार्य ठरवायचा होता. शिष्य बसले होते, स्तोत्र चालले होते. टोला पडला, मी मागे फिरलो. यजमान मोठ्याने म्हणाले, "गुरुजी, तुमच्यावरबी मास्तरीन हाय म्हना!" सगळे हसले. तीही हसली — आता तिला ऐकू येत होते ना.

आचार्यत्व मलाच मिळाले. म्हणजे माझे काहीएक गेले नव्हते. हे ध्यानात असू द्यावे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेजारी गेली होती. पेटीच्या कोपऱ्यात वसंताने उरलेली तांब्याची तार ठेवली होती, केसासारखी बारीक. मी सोवळ्यात होतो. जोर ज्या पायाने आत येतो आणि ज्या पायाने बाहेर पडतो, ते दोन्ही मी त्या तारेने एकमेकांना जोडून टाकले. आता तो तुकडा असून नसल्यासारखा. यंत्र मुकाट जळेल, तिला काही होणार नाही, अशी माझी समजूत होती — हे मी स्वतःला किती वर्षे सांगत आलो! खोटे आहे. वसंताचे शब्द मला पाठ होते. पाठ करणे हीच तर माझी विद्या.

दिवेलागणीला ती आली. पाय धुतले, दिवा लावला, पाटावर बसून कानात गुंडी बसविली. कळ दाबण्यापूर्वी तिने माझ्याकडे पाहिले — मी आरंभ करावा म्हणून. हात पुढे करण्यास अवधी होता. मी ॐकार उच्चारला.

गुंडीतून निघालेली ती बारीक किंकाळी मला देव्हाऱ्याजवळ ऐकू आली. मग तिची. मग जळका वास. दिवा तसाच शांत तेवत होता.

वसंता अकोल्याहून येण्यापूर्वी मी तार सोडवून टाकली. त्याने तो तुकडा बोटांत पुन्हा पुन्हा फिरविला. जोडणीत काही दोष सापडेना. "मीच ताईचा कान खाल्ला," म्हणाला आणि खाली बसला. मी काय बोललो? "ईश्वरेच्छा," असे बोललो. देवाचे नाव मी तेथे वापरले. तिला काहीच ऐकू येत नव्हते. ती भावाच्या पाठीवरून हात फिरवीत राहिली.

त्यानंतर ती अखेरपर्यंत निःशब्दतेत जगली. सायंकाळी दारात बसून माझ्या ओठांकडे पाही. त्या जागी आलो की तिचा हात पळीकडे जाई — आणि खात्री नसल्यामुळे तेथेच थांबे. तिला तारेविषयी कळले होते का? ठाऊक नाही. विचारावे कसे, हे मला कधी सुचले नाही; न विचारावे कसे, ते मात्र रोज सुचले.

आज श्राद्धाला शिष्य जमले. आता ते स्वतः संथा देतात. त्यांनी स्तोत्र आरंभिले, त्या जागी आले, आणि सर्व कंठ एकाच वेळी तीन श्लोक ओलांडून पुढे गेले — कोठेही न अडखळता. असे मीच शिकविले आहे. मी त्यांना थांबविले नाही. माझी दृष्टी स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तेथे भगुणे पालथे घातलेले होते.

वसंता पंक्तीत होता. केस पिकले आहेत. बहिणीच्या फोटोकडे त्याने मान वर करून पाहिले नाही. जेवला, मला नमस्कार केला, आणि गेला. मी आशीर्वाद दिला. उद्या त्याला सांगेन, असे येथे लिहीत नाही; तसे मी पूर्वीही अनेकदा ठरविले होते.

वाचकहो, भगवंत तुमचे आणि तुमच्या कुटुंबाचे रक्षण करो. तुमची चूक ऐकणारे माणूस तुमच्या घरात सुखाने नांदो, आणि त्याच्या हातचा टोला तुमच्या कानी चिरकाल पडत राहो. शुभं भवतु.