सुटेकाका आणि शेजारच्या दोन जागा

सुटेकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारं गल्लीत आता कुणी उरलेलं नाही. उभी हयात त्यांनी बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली आणि कधी कुणाचे सुटे पैसे बुडवले नाहीत, त्याचं हे बक्षीस. पिशवीत सुटे नसले की ते तिकिटाच्या पाठीवर आकडा लिहून सही ठोकायचे आणि म्हणायचे, "उतरताना घ्या." उतारू विसरून उतरला तर हे त्याच्या मागं. एकदा एका म्हातारबुवांच्या मागं ते असे धावले, तर म्हातारबुवांना वाटलं, आपल्याला धरायलाच आलेत. ते बिचारे आणखी जोरात पळाले.

अशा माणसावर म्हातारपणी स्वतःचेच सुटे मागत फिरायची पाळी आली.

झालं असं, की परदेशी असलेल्या लेकीनं आईवडिलांना बोलावून घेतलं. तिकिटं चौकातल्या एजंटताईंनी काढून दिली. पण विमानात शेजारी शेजारी बसायचं तर जागेचे पैसे वेगळे. ते काकांनी घरी बसून, लेक फोनवर सांगेल तसं एकेक बटण दाबत, थेट विमान कंपनीकडे भरले. एक खिडकीची जागा, एक तिच्या शेजारची. काकूंना यातलं काही सांगितलं नाही.

या जागांचं काकांना एवढं अप्रूप का होतं, त्यालाही कारण होतं. लग्नानंतर काकू माहेरी जायच्या त्या काकांच्याच गाडीनं. खिडकीशी बसायच्या आणि शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ठेवायच्या. घाट संपला की हा माणूस घटकाभर येऊन टेकेल, एवढीच आशा. गाडी भरत आली की काका यायचे आणि सगळ्या बायकांशी बोलायचे त्याच आवाजात सख्ख्या बायकोला म्हणायचे, "बाई, रुमाल उचला. माणसं उभी आहेत." काकू मुकाट्यानं रुमाल उचलायच्या. संसार झाला, लेक मोठी झाली, काका रिटायर झाले, तरी बसमध्ये चढले की ते दाराशीच उभे. पायांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. आता मात्र त्यांना बायकोच्या शेजारी बसायचं होतं. अगदी मनापासून बसायचं होतं.

आणि कंपनीनं विमानाची वेळच बदलली. त्या वेळेनं गेलं तर पुढचं विमान हुकणार, म्हणून एजंटताईंनी ती तिकिटं रद्द करून दुसऱ्या कंपनीची काढली. तिकिटांचा हिशेब त्यांनी चोख मिटवला. पण नव्या विमानात काकू पुढे आणि काका पार शेपटाकडे!

"आणि माझ्या जागांचे पैसे?" काकांनी विचारलं.

"ते कंपनीकडे मागा, काका."

कंपनीला फोन केला तर तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "तिकीट एजंटनं रद्द केलंय सर, त्यांनाच विचारा." झाली टोलवाटोलवी सुरू. काका रोज सकाळी एजंटताईंच्या दुकानात हजर. ताई कुलूप काढतायत तोवर हे पायरीवर. "ज्यानं तिकीट फाडलं त्यानं सुटे द्यायचे," हे त्यांचं पालुपद. ताई काही सांगायला लागल्या की काकांना नेमकं ऐकू येईनासं व्हायचं. नव्या विमानातल्या जागांसाठी पुन्हा पैसे भरायलाही ते तयार नव्हते. एकाच प्रवासाचं तिकीट दोनदा फाडणं त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

"अहो, जाऊ द्या ना," काकू म्हणाल्या. "चार पैशांसाठी किती डोकं पिकवाल त्या पोरीचं?"

"तुला नाही कळायचं," काका फणकारले. आणि तिला कळू नये म्हणूनच सगळा आटापिटा होता.

शेवटी एके दिवशी ताईंनी वाद घालणं सोडलं आणि काकांनीच आणलेली पावती त्यांच्यापुढे सरकवली. "तुम्हीच तपासा, काका. तिकीट तपासता तसं."

काकांनी चष्मा चढवला. पावती उजेडाकडे धरली. वर नाव कंपनीचं, खाली नाव कंपनीचं. दुकानाचं नाव औषधालाही नाही. काकांनी जीभ चावली. इतके दिवस ते एका गाडीचं तिकीट नाचवत दुसऱ्याच गाडीच्या कंडक्टरकडे सुटे मागत होते! असा उतारू त्यांच्या गाडीत चढला असता तर त्यांनी त्याची अख्ख्या गाडीसमोर बिनपाण्यानं केली असती.

"चुकलं माझं, ताई," ते म्हणाले. "फार छळलं तुम्हाला."

"छळलंत खरं," ताई हसल्या. "पण ते तरी कुठे सरळ वागतायत? तिकीट मी काय हौसेनं रद्द केलं? वेळ बदलल्याचा त्यांचाच निरोप आहे माझ्याकडे. तोही लावू पावतीसोबत."

दोघांनी मिळून अर्ज धाडला. आता कंपनीची भाषा बदलली. मागणी मान्य, रक्कम काही आठवड्यांत खात्यात जमा होईल.

"काही आठवड्यांत?" काकांचा चेहरा उतरला. "तोवर आम्ही जाऊन परत येऊ."

ताईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. नव्या विमानात शेजारशेजारच्या मोजक्याच जागा उरल्या होत्या. उद्यापर्यंत त्याही राहतील याचा भरवसा नव्हता. काका कधी स्क्रीनकडे बघत होते, कधी कंपनीच्या उत्तराकडे. मग त्यांना एकाएकी हसू फुटलं.

"हे 'उतरताना घ्या'च म्हणतायत की हो! माझ्या नुसत्या सहीवर एवढी माणसं निवांत बसून राहायची. मीही बसतो. फाडा, ताई. एक खिडकी, एक शेजारी."

ते पैसे पुढे आले, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. लेकीच्या घरी चहा पिताना फोन वाजला, काकांनी आकडा पाहिला आणि फोन पालथा घालून दुसरा कप मागितला.

विमानात चढल्यावर काकू आपला नंबर शोधत पुढे गेल्या. काका मागेच अडकले. वाटेत माणसं तुंबलेली दिसली आणि त्यांना राहवेना. "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे," म्हणत त्यांनी कुणाची बॅग वर चढवली, कुणाला मार्गी लावलं. हवाई सुंदरीनं दोनदा विनवलं, "सर, आपण बसून घ्या."

"आलो, आलो," म्हणत काका आपल्या रांगेशी पोचले.

काकू खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. शेजारच्या रिकाम्या जागेवर रुमाल टाकलेला होता.

 काका वरचा कप्पा धरून नुसते उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अहो, उभे काय राहिलात?" काकूंनी आपल्या हातानं रुमाल उचलला. "ही काही तुमची गाडी नाही. बसा."

काका बसले.