गोठ्यातली दोन इंजिनं

लढाई संपल्यावर आमच्या ह्यांनी मिलिटरीच्या लिलावातून एक जीप आणली, तीही बिनइंजिनाची. ब्रह्मदेशात त्यांनी अशीच जीप चालवली होती. शेजारी बसणारा जोडीदार, माण तालुक्यातला, लढाईत तिकडेच कामी आला, एवढंच मला ठाऊक. म्हशी बाहेर बांधून जीप गोठ्यात उभी केली आणि हेही जणू तिथेच राहायला गेले. जेवायला हाक मारली तर हूं नाही की चूं नाही. माझा जीव मेटाकुटीला आला.

सांगलीच्या मिस्त्रीनं एका मोटारीचं चालू इंजिन आणून दिलं. म्हणाला, "आठ दिसांत गाडी पळंल बघा. पलूसची पाशिंजरं वढा." ह्यांनी मात्र कुठल्याशा भंगारातून जीपचंच असली इंजिन हुडकून आणलं. गंजून दगड झालेलं. ते कधी सुरू होणार, देव जाणे! मला इंजिनाशी काय देणंघेणं? मला नवरा गोठ्यातून घरात यायला हवा होता. मी मोटारीच्या इंजिनाच्या बाजूची.

खंडेनवमीला सासूबाई नांगर, कोयते पुजत गोठ्यात गेल्या आणि त्यांनी भाबडेपणानं मोटारीच्याच इंजिनाला हळदकुंकू वाहिलं. झालं! पुजलेलं हत्यार बाजूला टाकायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज. मी मनातून खूश.

"देवीनं कौल दिला. आता ह्येच बसव," सासूबाई म्हणाल्या.

हे उठले, चिंधी घेतली आणि इंजिनावरचं कुंकू पुसलं.

"आरं, बायकू हुबी हाय हितं! कुंकू पुसतुयास?" सासूबाई किंचाळल्या.

"आई, ह्येचा आवाज त्यो न्हाई," हे खाली मान घालून म्हणाले.

त्यानंतर कित्येक दिवस मायलेकांत अबोला होता. मीही धुसफुसत भाकरी गोठ्यात नेऊन ठेवायची. हे एकेक पुर्जा घासत बसायचे.

अखेर एका सकाळी ते इंजिन जीपमध्ये बसलं. मी आरतीचं ताट घेऊन समोर उभी राहिले. हँडल मारताच इंजिन खोकलं आणि चालू झालं. ह्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. लढाईवरून आल्यापासून ते मी पाहिलंच नव्हतं. माझे डोळे भरून आले. वाटलं, आला गं बाई माझा माणूस परत.

हे चटकन जीपमध्ये चढले आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून म्हणाले, "ऐकलंस का रं गड्या? आपलीच हाय."

मी ताट घेऊन तशीच उभी होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.